शनिवारचे प्रश्न

बाई, परवा शनिवारी संध्याकाळी मी भरल्या हॉलमध्ये माईक हातात धरून गप्प उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण मागच्या रांगेतल्या पोरांची चुळबुळसुद्धा थांबली, एवढा वेळ. तुम्ही दिलेली पितळी घंटी माझ्यापुढे टेबलावर होती. उत्तर बरोबर असेल तर ती वाजवायची आणि चूक असेल तर तिच्यावर तळवा ठेवायचा, ही माझी कितीतरी वर्षांची पद्धत. परवा माझा हात घंटीच्या वर नुसता अधांतरी राहिला. खाली येईना, मागेही जाईना. ते कुणाला तरी सगळं पहिल्यापासून सांगावं म्हणून लिहायला बसलेय. मुलगा कामासाठी परगावी आहे, सूनबाई ऑफिसला गेली आहे. भात झाला आहे, गॅस बंद आहे. तो बंद आहे हे मी दोनदा उठून बघून आले, आणि आता तिसऱ्यांदा उठावंसं वाटतंय ते दाबून धरलंय.

तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की त्या वर्षी जन्मलेल्या मुलींचे केस आता पिकायला लागलेत. रुळांपलीकडे आपण जिथे भाताची रोपं बघायला जायचो तिथे नवीन पनवेलचे सेक्टर झाले आणि त्यातल्याच एका इमारतीत मी मुलासुनेकडे राहते. इथलं छोटं वाचनालय दर वर्षी प्रश्नमंजुषा घेतं. इतिहास, विज्ञान, सिनेमा, खाणंपिणं, सगळं चालतं. सोसायट्यांचे संघ येतात, पळस्पे, कोन अशा आसपासच्या गावांतून बायकांची मंडळं येतात. प्रश्न मी काढते आणि मीच विचारते. सातवीनंतर शाळा सुटलेली ब्लाउज शिवणारी बाई असे प्रश्न कुठून काढते, याचं पहिल्या वर्षी लोकांना नवल वाटलं, मग सवय झाली. माझ्याजवळ प्रश्नांचा कागद असतो. उत्तरांचा नसतो. कधीच नव्हता. हे मी तुमच्याकडून घेतलंय, आणि परवा त्यानेच माझा गळा धरला.

तुमचं स्वयंपाकघर मला आत्ता या टेबलापेक्षा स्पष्ट दिसतंय. शनिवारी तुमच्या ज्यू घरात विस्तव पेटवायचा नाही, म्हणून शेजारच्या घरातून मी यायची, रॉकेलचा स्टोव्ह पेटवून चहा ठेवायची. तुम्ही कधी ‘पेटव’ म्हणाला नाहीत. तुम्ही खिडकीशी बसून असायच्या आणि मी आपली येऊन पंप मारायची. शुक्रवारीच करून ठेवलेल्या जेवणाचा, नारळाच्या रसाचा वास भिंतींना असायचा. काळ्या मनुकांचं सरबत तळाशी उरलेलं असेल तर ते माझं. एकदा मी विचारलं, तुम्ही शनिवारी शाळेत का येत नाही, काही लिहीत का नाही? तुम्ही म्हणालात, “तूच सांग. जुन्या काळी कोकणात आम्हा लोकांना शनवार तेली म्हणायचे. का म्हणत असतील?” तो तुमचा मला विचारलेला पहिला प्रश्न. मी डोकं खाजवत बसले. तुमचे वाडवडील तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून ठेवायचे, हे मला चहा उकळून खाली उतरवल्यावर कळलं.

मग दर शनिवारी प्रश्न. चहा मूळचा कुठला? बोलपट यायच्या आधी थेटरात पडद्याखाली पेटीवाला कशाला बसायचा? मधमाशीला डोळे किती? पेंग्विनला पांढरं अस्वल कधीच का खात नाही? यातलं काहीही लिहून घेता यायचं नाही, कारण त्या दिवशी तुम्ही पेन हातात धरत नसायच्या आणि तुमच्यासमोर मला धरवायचं नाही. जे डोक्यात राहील ते आपलं. पुढच्या शनिवारी तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने यायचा. शाळेतल्या वह्या मी कधीच रद्दीत घातल्या, पण तुमच्या शनिवारांतलं काही सांडलं नाही. म्हणजे, परवापर्यंत मी तसं म्हणायची.

आणि तो एक शनिवार. तुम्ही विचारलंत, माणसाच्या अंगातलं सगळ्यात लहान हाड कुठे असतं? मी लगेच म्हटलं, पायाच्या करंगळीत. तुम्ही म्हणालात, नक्की? मी म्हटलं, मला माहीत आहे. वर आणखी तिखटमीठ लावून सांगितलं की आमच्या मामांनी मला दाखवलंय. तुम्ही उठून आलात, माझा कान धरलात आणि म्हणालात, “इथे. इथे आत असतं.” मला वाटलं, उत्तर चुकलं म्हणून धरला. माझे डोळे भरले. तुम्ही कान सोडला नाहीत. हळू आवाजात म्हणालात, “चुकलीस म्हणून नाही धरला. माहीत नसताना माहीत आहे म्हणालीस म्हणून धरला. माहीत नाही म्हणजे वस्तू घरातच नाही. आठवत नाही म्हणजे वस्तू घरात आहे, कुठे ठेवली ते सापडत नाही. दोन्ही म्हणायला लाज नाही. कुठलं काय ते ओळखून म्हण. पण थाप मारलीस तर मग घरात काय आहे आणि काय नाही, हे तुझं तुलाच कळेनासं होईल.” मग स्वतःच चहा गाळलात आणि माझ्या कपात दुधावरची साय घातलीत.

शाळा सुटल्यावर मी मशीनवर बसले. ब्लाउजचं कटिंग आधी जुन्या वर्तमानपत्रावर करायचं असतं. कात्री लावायच्या आधी मी ते पान वाचून काढायची. अर्धी बातमी बाहीत जायची, अर्धी पाठीत. ज्या बायकांची मापं घेतली त्यांच्या नावाआधी मला त्यांच्या मापाच्या कागदावर काय छापलं होतं ते आठवायचं. रेडिओ होताच. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी मशीनपाशी येऊन उभ्या राहिलात आणि पिशवीतून घंटी काढलीत. मी म्हटलं, शाळेची आणलीत की काय? तुम्ही म्हणालात, “चोर समजतेस का मला? माझी आहे. आता तू विचार लोकांना.” मी हसले. मला कोण विचारू देणार, असं वाटलं होतं. घंटी कितीतरी वर्षं बटणांच्या डब्यात होती.

आता खरं काय ते सांगते. गेलं वर्षभर माझ्या हातून गोष्टी निसटतायत. आधी कुकरच्या शिट्ट्या. मग एका बाईची बाही उलटी जोडली, ती उसवली, आणि परत उलटीच जोडली. त्यानंतर मी बाहेरचं शिवण बंद केलं आणि डोळ्यांचं निमित्त सांगितलं. खालच्या वाण्याकडे गेले आणि काय आणायला आले ते विसरले, हे तर सगळ्यांचंच होतं. पण एकदा भाजी घेऊन येताना आमच्या इमारतीच्या आधीच्या इमारतीत शिरले, तिसऱ्या मजल्यावर गेले आणि किल्ली लागेना म्हणून कुलपावर चिडले. त्या घरातली मुलगी दार उघडून म्हणाली, “आजी, तुमचं शेजारच्या बिल्डिंगमध्ये आहे ना?” मी हसून वेळ मारून नेली.  घरी कुणाला बोलले नाही. बाहेर माझी ओळखच ती आहे ना, काकूंना सगळं पाठ असतं. ती ओळख गेली की मग मी कोण, असं सारखं मनात यायचं.

सूनबाईच्या नजरेतून सुटत नसणार. पोर धूर्त नाही पण बारीक नजरेची आहे. आठ दिवसांमागे भाजी निवडताना मान वर न करता म्हणाली, “आई, या वेळी उत्तरांचा पण एक कागद करू या का? तुम्ही सांगा, मी टाईप करून प्रिंट आणते.” मी फटकन म्हटलं, “उत्तरं कागदावर लागली तर मग विचारायला मशीनच बसवा ना.” ती भेंड्यांची देठं जरा जोरात मोडायला लागली. त्या दुपारी मी पेन काढलं होतं, बाई. पहिला प्रश्न लिहिला आणि त्याच्यापुढे उत्तर लिहायला हात उचलला. मग वाटलं, जे इतकी वर्षं डोक्यात ठेवलं ते कागदावर उतरवलं, म्हणजे डोकं रिकामं झालं हे आपणच कबूल केलं. पेन खणात टाकलं. ही माझी चूक. तुमच्याकडे शनिवारी लिहायचं नव्हतं ते तुमच्या देवासाठी. माझ्याकडे तो माझा ताठा होऊन बसला होता.

परवा हॉल गच्च भरला. मोबाईल दाराशी टोपलीत ठेवून घेतले होते, तसा नियमच आहे. शेवटी दोन संघ उरले. एक इथल्याच सेक्टरमधला, त्यांचा पुढारी एक निवृत्त इंजिनीअर, दर वर्षी पांढरा शर्ट घालून येणारा. दुसरा कोनच्या बायकांचा, त्यांची पुढारीण अंगणवाडीत काम करते, मोठ्या आवाजाची, हसली की खुर्ची हलते. दोघांचे गुण सारखे. या वर्षी ढालीबरोबर जिंकणाऱ्यांना पुस्तकांनी भरलेलं कपाट मिळणार होतं. इंजिनीअरसाहेबांना ते सोसायटीच्या नव्या वाचनकट्ट्यासाठी हवं होतं आणि कोनच्या बायकांना अंगणवाडीशेजारच्या खोलीत. तसं दोन्ही बाजूंनी आधीच जाहीर करून झालं होतं आणि त्यावरून चिमटेही काढून झाले होते. “साहेब, तुमच्याकडं जागा हाय का? नाय तर आमी ठेवून घेतो,” असं ती हसत म्हणाली होती.

शेवटचा प्रश्न मी वाचला. माणसाच्या शरीरातलं सर्वांत लहान हाड कुठे असतं? वाचेपर्यंत मला काही झालं नव्हतं. कोनवालीने टेबलावर थाप मारली आणि उभी राहून ओरडली, “कानान हाय, काकू! कानान!” कानात, असं म्हणत होती. तिच्या बायका टाळ्या पिटायच्या तयारीत हात उचलून बसल्या. आणि मी उत्तराकडे वळले, तर तिथे काही नव्हतं. विसरल्यावर निदान काहीतरी जिभेवर घुटमळतं. तसं नाही. रोज जिथे डबा असतो तिथे हात घालावा आणि फळीच नसावी, तसं. कान? नाक? बोटं? तिन्ही सारखीच खरी वाटत होती.  इंजिनीअरसाहेब अर्धवट उठले. “काकू, चूक असेल तर चान्स आमचा,” म्हणाले. मागून कोणीतरी म्हणालं, “काकू टीव्हीवाल्यांसारखं ताणतायत,” आणि हॉल हसला. हसण्याने मला थोडी उसंत मिळाली. मी पण हसले. तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी सांगितलं, “जाहिराती नंतर घ्या, काकू!” परत हसू.

बाई, त्या हसण्याच्या आडून मी काय विचार करत होते सांगते. मला चेहरे वाचता येतात. इतक्या वर्षांत कळतं, कोण खात्रीने बोललं आणि कोण अंदाजाने. कोनवालीचा चेहरा खात्रीचा होता. घंटी वाजवली तर बहुतेक बरोबर ठरलं असतं. आणि चूक ठरलं असतं तर इंजिनीअरसाहेब तावातावाने उठले असते, मी ‘अरे हो, माझी गंमत’ म्हणून निभावून नेलं असतं. सगळ्यांनी मानलं असतं, कारण काकूंना सगळं पाठ असतं. कुणाला कळलं नसतं. फक्त एक बोट खाली न्यायचं. कोनवालीचं हसू हळूहळू आटत होतं. “काकू, बेगीन सांगा ना वो,” ती म्हणाली, आता हळू आवाजात. “माजे छातीन धडधडतंय. चुकला का आमचा?” तिचा हात गळ्यातल्या मण्यांवर होता. पहिल्या रांगेत सूनबाई हसत नव्हती. ती माझ्या हाताकडे बघत होती, त्या अधांतरी हाताकडे, आणि तिने पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

मी हात घंटीवरून काढून मांडीशी घेतला. माईकमध्ये म्हटलं, “मला आठवत नाही.”

पहिल्यांदा हसू फुटलं. मग ते जिथल्या तिथे विरलं. वाचनालयाचे चिटणीस जवळ आले, माईकवर हात ठेवून पुटपुटले, “काकू, पाणी देऊ का? तुम्हाला नाही आठवत?” मी माईक सोडवून घेतला आणि परत म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “उत्तर मला माहीत आहे, पण आठवत नाही. अंदाजाने घंटी वाजवणार नाही. कुणीतरी टोपलीतून फोन आणा आणि बघून सांगा.” शब्द सगळे जागच्या जागी आले. चिटणिसांनी फोन आणला, चष्मा वर केला. तेवढ्यात मला हॉलच्या मागच्या पंख्याचा खडखडाट ऐकू येत होता, आधी कधी आला नव्हता. “कानातच,” ते म्हणाले. कोनच्या बायका ओरडत उठल्या. इंजिनीअरसाहेबांनी आपला पांढरा शर्ट सारखा करून जाऊन त्यांना हात जोडले, आणि बसताना माझ्याकडे बघून मान हलवली. ती कीव होती की आदर, अजून कळलं नाही. कोनवाली मात्र टेबलापाशी आली, म्हणाली, “काकू, आता तरी वाजवा. त्याच्याबिगर जिंकल्यासारका वाटत नाय.” मी वाजवली. वाजवताना माझा डावा हात आपोआप कानाच्या पाळीकडे गेला आणि मला तुमची बोटं आठवली, खडूने खरखरीत झालेली. सगळ्या प्रश्नांमधला नेमका तोच प्रश्न, बाई. तुम्ही कान धरून सांगितलेला.

परत येताना उड्डाणपुलाखाली रिक्षा अडकली तेव्हा सूनबाई म्हणाली, “आई, आज तुम्ही माईकवर म्हणालात ते घरी कधी म्हणाला नाहीत.” मी म्हटलं, “घरी कुणी घंटी ठेवत नाही ना पुढ्यात.” तिला हसू आलं नाही. “मी बघत होते सगळं,” ती म्हणाली. “गॅस, किल्ल्या, ती बाही. मला वाटायचं, विचारलं तर तुम्हाला लागेल. तुम्हाला वाटायचं, सांगितलं तर मला.”  मग म्हणाली, “मंगळवारी डॉक्टरांकडे जाऊ या. मी सुट्टी टाकते. ते काही प्रश्न विचारतील. वार कुठला, आपण कुठे आहोत, ही वस्तू कसली. घाबरायचं नाही, त्यात पास-नापास नसतं.” मी म्हटलं, “म्हणजे आता मी समोरच्या खुर्चीत.” “हो,” ती म्हणाली, आणि माझा हात आपल्या मांडीवर घेतला. तिचा हात माझ्याहून जास्त गार होता.

म्हणजे उद्या. आज सकाळपासून मी तयारी करत नाहीये, हे मुद्दाम सांगते. कॅलेंडरकडे पाठ करून बसलेय. उद्या ते विचारतील तेव्हा घरात काय आहे आणि काय नाही ते मला खरंखुरं दाखवायचंय. थाप मारून पास झाले तर औषध भलत्याच बाईला दिल्यासारखं होईल. भीती वाटते.  पण परवा ते तीन शब्द म्हटल्यावर हॉलचं छत खाली आलं नाही, एवढं तरी मला बघायला मिळालं.

एक राहिलं. काल चहा पिताना सूनबाई म्हणाली, “आई, ज्या बाईंनी तुम्हाला हे सगळं शिकवलं, त्यांचं नाव काय होतं? इतकं बोलता त्यांच्याबद्दल, नाव कधी सांगितलं नाहीत.” मी कपात बघत म्हटलं, “आम्ही आपलं नुसतं बाईच म्हणायचो.” हे खोटं नाही. आम्ही म्हणायचोच. पण मी तेवढं सांगितलं, कारण पुढचं आलं नाही. काल नाही आलं, रात्री कूस बदलताना नाही आलं, आणि हा कागद घेताना वर लिहायला थांबले तेव्हाही आलं नाही. तुमची खिडकी येते, स्टोव्हची पिन येते, सायीचा चहा येतो, तुमच्या चपलेचा आवाज येतो. नाव येत नाही. तुमच्या लोकांच्या दफनभूमीत दगडावर ते मराठीत कोरलेलं आहे. तुम्हाला तिथे ठेवलं त्या दिवशी मी मागे उभी होते, आणि पुढे दगड बसल्यावर जाऊन अक्षरांवरून बोट फिरवलं होतं. रिक्षाने गेलं तर लगेच वाचून येता येईल. ते झालं कागद बघून उत्तर देणं, असं मन अजून म्हणतंय, आणि त्या मनाचं किती ऐकायचं ते मला ठरवता येत नाही. माहीत आहे, बाई. आठवत नाही.

संध्याकाळी सूनबाई आली की चपला काढायच्या आधी तिला हे सांगणार आहे आणि तिलाच म्हणणार आहे, मला तिथे घेऊन चल. हा कागद घडी करून मशीनच्या खणात ठेवते. पाकीट शोधलं नाही. त्याच्यावर नाव लिहावं लागतं.